मांगरातलं पिल्लू घरात : जुलै ते सप्टेंबर 2024 च्या नोंदी

6 जुलै 2024, शनिवार

वेंगुर्ल्याजवळ आमची वाडी. शेजारच्या मांगरात (गवत, शेतीचं सामान ठेवायच्या खोपीत) गवताच्या मागे मांजरी व्याली होती. पाऊस वाढला तशी तिने पिल्लं एकेक करून दुसरीकडे नेली, एक मागे राहिलं. ती परत येईल म्हणून हात न लावता वाट बघितली. बोका मांगराभोवती फिरायला लागला, तेव्हा आज घरी आणलं. मादी. अंगावर करडे पट्टे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट ठेवून टोपलीचं वजन वजा केलं : 640 ग्रॅम. फिसकारताना दुधाचे सगळे दात दिसले, म्हणजे आठ आठवड्यांच्या आसपासची असणार.

वय मुद्दाम लिहितेय. मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला सरावतं. हिला त्या काळात कोणाचा हात लागलेला नाही. मांगरातली, गोठ्यातली पिल्लं घेणाऱ्या बऱ्याच जणांची हीच अडचण असते, म्हणून या नोंदी ठेवतेय.

जागा : माजघराला लागून असलेली जुनी बाळंतिणीची खोली. लहान, एकच दार, एकच खिडकी, येजा नाही. अडचण एकच, कौलारू घर असल्यामुळे भिंत आणि वासे यांच्यामध्ये फट. तिथून पिल्लू माळ्यावर गेलं तर हाती लागायचं नाही. घरात मासेमारीचं जुनं जाळं पडलेलं आहे, पण नायलॉनमध्ये नखं आणि मान अडकते. म्हणून पुठ्ठे ठोकले. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या काढून घराबाहेर टाकल्या. फरशी फिनाइलने पुसणं बंद. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही, आणि पिल्लू फरशीवरून चालून पाय चाटतं. आता साबणाचं गरम पाणी.

आडवं केलेलं खोकं, त्यात मांगरातल्या गवतावर घासून आणलेला जुना पंचा. त्याला तिच्या आईचा वास असेल. झाकणाची वेताची टोपलीही उघडी ठेवली आहे; पुढे दवाखान्यात त्यातूनच न्यायचं आहे.

8 जुलै

खात नाही असं वाटलं होतं. खाते, पण घर झोपल्यावर. सकाळी ताटली स्वच्छ असते. आम्ही आत गेलो की खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन फिसकारते. लेकीला (वय नऊ) सांगितलं आहे : खोक्यात हात घालायचा नाही, उचलायचं नाही, दारात उभं राहून वाकून बघायचं नाही.

पुठ्ठे पावसाच्या हवेने दोन दिवसांत पापडासारखे वाकले आणि खिळ्यांतून सुटले. त्या जागी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं आतून बांधली. ती टिकतील.

10 जुलै

शी-शूच्या जागेत बराच वेळ गेला. पहिल्यांदा समुद्रावरची वाळू टबात घातली होती. खारी वाळू हवेतलं पाणी ओढून घेते आणि जुलैत ती कधीच सुकत नाही. पिल्लू त्यात पायसुद्धा ठेवीना, टबाच्या बाहेर कोपऱ्यात जायचं. सासूबाई म्हणाल्या, चुलीची राख घाल, पूर्वीची मांजरं राखेतच जायची. खरं आहे, लगेच गेली. पण ओल्या राखेचा खार होतो, तो पंजांना झोंबतो आणि चाटल्यावर तोंडात जातो. म्हणून राख एका दिवसात बदलली.

आता चालतंय ते असं : सुताराकडून रंध्याचा जाड भुसा (फुकट), त्यात चुलीजवळ सुकवून चाळलेली माती, आणि वरून तिने आधी घाण केलेल्या जागेची चिमूटभर माती. करवतीचा बारीक भुसा नको, शिंका येतात. टब जेवणाच्या ताटलीपासून शक्य तेवढा लांब.

12 जुलै

काल दुपारपासून जुलाब. सासूबाईंनी वाटीभर दूध ठेवलं होतं. "मांजराक दूद नाय तर काय घालतलंस?" त्यांचं म्हणणं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मांजर आणि दूध एकत्रच असतं. पण अंगावरचं दूध सुटल्यावर पिल्लाला दुधातली साखर पचेनाशी होत जाते, आणि गाईचं दूध त्याला सोसत नाही. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही. वजन 600 वर आलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर बसायला वेळ लागत होता.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. त्वचेखाली सलाइन दिलं, वजनावर मोजून जंताचं औषध दिलं, दोन आठवड्यांनी परत द्यायचं आहे. दूध बंद, उकडलेली कोंबडी कुस्करून आणि तिचंच पाणी. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. रिक्षा येऊन-जाऊन 400 रुपये, औषधं 140.

13 जुलै

पिल्लू सुधारलं, पण होती नव्हती ती जवळीक गेली. काल पंच्यात गुंडाळून तोंडात औषध घातलं ते मी. आज मी दारात आले की टोपलीमागे. लेक गेली तर नुसती बघत राहते.

यावरून एक ठरवलं. औषध, नखं, दवाखाना ही कामं नवऱ्याची, आणि ती न्हाणीघरात करायची, तिच्या खोलीत नाही. खोलीत बसणारं माणूस वेगळं, धरणारं वेगळं. घरात एकटं माणूस असेल तर निदान जागा आणि अंगावरचा पंचा वेगळा ठेवावा. औषध झाल्यावर लगेच खायला देऊन तिला सोडून द्यायचं, समजूत काढत बसायचं नाही. तिला त्या वेळी आपण लांब गेलेलं हवं असतं.

16 जुलै

मासेमारी बंदी 31 जुलैपर्यंत आहे, त्यामुळे समुद्राची ताजी मासळी नाही. चढणीचे (पावसात ओढ्यातून वर येणारे) मासे आले होते, पण त्यांना बारीक काटे फार. मग सुका जवळा : दोनदा पाण्यात धुवायचा, किंचित गरम करायचा. त्या वासाने ती खोक्यातून बाहेर येते.

हातावर ठेवून दिला तर काम होत नाही. येते, झडप घालते, कोपऱ्यात जाऊन खाते. बोटाला नख लागलं. हात म्हणजे जिथून हिसकावून पळायचं ती जागा, एवढंच ती शिकत होती.

म्हणून डवली घेतली. लांब लाकडी दांड्याची, पुढे करवंटी. करवंटीत जवळा ठेवून दांडा जमिनीवर टेकवायचा आणि मी भिंतीला पाठ लावून बसायची. माझा हात तिच्यापासून दीड हात लांब राहतो. पहिल्यांदा करवंटीतून एक तुकडा पंजाने ओढून बाहेर घेतला. मग तोंड आत घातलं, पण मागचे दोन्ही पाय पळायच्या तयारीत लांब ताणलेले, पोट जमिनीला टेकलेलं, कान माझ्याकडे वळलेले. कौलावरून पागोळी पडल्याचा आवाज आला तरी मागे. आणि परत.

19 जुलै

डवली रोज चार बोटं जवळ घेतेय. मागचे पाय किती ताणलेत यावरून ठरवते. पाय अंगाखाली आले की दुसऱ्या दिवशी दांडा जवळ. नाहीतर तिथेच.

20 जुलै

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर बदललं.

मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या खोलीत बसते. हळू बोलते, कधी पेपर मोठ्याने वाचते. लक्ष मात्र तिच्यावर. सासूबाईंना पिल्लाची विशेष हौस नाही. उंदरांसाठी मांजर हवं एवढंच. आज वीज गेली होती आणि माजघरात अंधार, म्हणून त्या खिडकीच्या उजेडाला या खोलीत सुपात तांदूळ निवडत बसल्या. दार अर्धं उघडं. त्यांनी पिल्लाकडे एकदाही बघितलं नाही. खडा सापडला की बाजूला टाकायचा, सूप हलवायचं, पाय बदलून बसायचं. थोड्या वेळाने पिल्लू खोक्यातून निघालं, भिंतीच्या कडेने त्यांच्या पाठीमागे गेलं, लुगड्याचा वास घेतला, सुपाच्या कडेला नाक लावलं आणि तिथेच बसून अंग चाटायला लागलं. अंग चाटणं म्हणजे निर्धास्त होणं. माझ्यासमोर ते कधी झालं नव्हतं.

मी दारातून विचारलं, कसं काय आलं? "तू तिच्याकडे बघत रवतंस, म्हणान ती येणा नाय. आपल्या कामात रव."

मांजर एकटक बघण्याला धमकी समजतं, हे मी वाचलं होतं. पण फरक नुसत्या नजरेचा नाही. सासूबाई दाराच्या विरुद्ध भिंतीला बसल्या होत्या, त्यामुळे खोकं आणि दार दोन्हीकडची वाट मोकळी होती. मी मात्र रोज खोक्याच्या समोर, दाराच्या बाजूला बसते. म्हणजे तिची वाट अडवून बसते.

21 जुलै

बसायची जागा बदलली : खिडकीखाली, खोक्याला आणि दाराला सोडून. शिवणकाम घेऊन बसले. नजर गेलीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे आणि दुसरीकडे बघायचं. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसेच मिचकावतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला जास्त तयार होतात. आज तिने खोक्यातून परत मिचकावले. मला फार बरं वाटलं.

22 जुलै

वजन 760. पहिली लस. तालुक्याला मांजराची लस नव्हती, कुडाळला जावं लागलं. लस 850 रुपये, रिक्षा 900. टोपली पहिल्या दिवसापासून खोलीत उघडी असल्यामुळे ती स्वतःहून आत झोपलेली होती, नुसतं झाकण लावलं. वाटेत ओकली. प्रवासाआधी तीनेक तास खायला न दिलं तर हे टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आजही धरलं नवऱ्यानेच. घरी आल्यावर ती तासाभरात माझ्या जवळून टबाकडे गेली. मागच्या वेळचं आठवून मी धास्तावले होते.

28 जुलै

हिराच्या (माडाच्या पातीच्या मधल्या काडीच्या) टोकाला सुतळीने कोंबडीचं पीस बांधलं. हीर लांब आणि लवचीक, त्यामुळे माणूस लांब राहून खेळवू शकतो. पीस तिच्या अंगावर न्यायचं नाही, तिच्यापासून लांब पळवायचं. भक्ष्य कधी मांजराकडे धावत येत नाही. शेवटी तिला ते पकडू द्यायचं आणि लगेच खायला ठेवायचं. खेळून झाल्यावर हीर माळ्यावर. सुतळी गिळली तर आतड्यात अडकते.

पाठ कमानीसारखी करून, शेपटी फुगवून ती आडवी-आडवी उड्या मारते. लेकीने त्यावरून नाव ठेवलं : कुर्ली, म्हणजे खेकडा. सगळ्यांना पटलं.

लेकीने एकदा चादरीखाली बोटं हलवून खेळवलं. ते बंद केलं. आता गंमत वाटते, पण हात हे चावायचं खेळणं आहे असं डोक्यात बसलं तर मोठेपणी सुटत नाही.

1 ऑगस्ट

बंदी उठली. होड्या गेल्या.

6 ऑगस्ट

समुद्र उघडला आणि घर बंद झालं. काल श्रावण लागला, आमच्याकडे महिनाभर शिवराक, म्हणजे मासे-मटण नाही. पिल्लाचं काय? याच्यावर चर्चा झाली. मांजराला भात-दह्यावर ठेवता येत नाही. टॉरिन त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. सासूबाईंनीच तोडगा काढला. पडवीत मागच्या बाजूला वेगळी शेगडी, वेगळं टोप, आणि शिजवणार नवरा. कोंबडी, अधूनमधून काटे काढलेला मासा, आणि रोजचं मुख्य जेवण म्हणून पिल्लांचं कोरडं खाद्य (450 ग्रॅम, 210 रुपये). नुसत्या मासळीवर ठेवू नये. बांगडा, तारली अशी तेलकट मासळी सतत दिली तर मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडतं.

11 ऑगस्ट

पहिला स्पर्श. तिने केला.

डवलीचा दांडा आता इतका जवळ आलाय की करवंटी माझ्या गुडघ्याशी असते. खाऊन झाल्यावर तिने गाल दांड्यावर घासला, एकदा उजवा, एकदा डावा. मांजराच्या गालाला वासाच्या ग्रंथी असतात, तो वास लावून ते वस्तू आपली करतं. दांड्यावरून घासत घासत माझ्या बोटांपर्यंत आली, थांबली, बोटांचा वास घेतला आणि गाल बोटांवर फिरवला. मी बोट हललं असं वाटू दिलं नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा एका बोटाने गाल खाजवला, फक्त गाल. डोक्यावरून हात नेला नाही, कारण वरून येणारी गोष्ट तिच्यासाठी अजून घार आहे.

दोन-तीनदा खाजवून हात मागे घ्यायचा आणि थांबायचं. हवं असेल तर ती परत येते. आज परत आली. शेपटीचं टोक झटकायला लागलं की आपण थांबायचं, ती थांबवायच्या आधी.

17 ऑगस्ट

लसीचा दुसरा डोस, सोबत रेबीजची लस. बारा आठवडे झाल्याशिवाय रेबीजची देत नाहीत. दोन्ही मिळून 1150. वजन 1 किलो 200. या वेळी उपाशी नेलं, ओकली नाही.

पिसवा निघाल्या. बाजारात कुत्र्याची पावडर सहज मिळते, पण तिच्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराचा जीव जातो, म्हणून घेतली नाही. बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी. मानेला खाज असल्यामुळे फणी तिला आवडली. हाताला जिथे नको म्हणते तिथे फणीला हो म्हणते. पाठीवरचा हक्क असा फणीने मिळाला.

25 ऑगस्ट

खोलीचं दार दिवसा उघडं ठेवून आठवडा होत आला. ती माजघरापर्यंत येते. कुकरची शिट्टी झाली की परत. तिला परत जाता यावं म्हणून खोलीचं दार कधीही बंद करायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद आहे. काल पाहुण्यांच्या मुलाने गंमत म्हणून दार लावलं, कुर्ली ओटीवर सापडली आणि वाट दिसेना म्हणून थेट भाताच्या कणगीमागे घुसली. रात्री विजा, गडगडाट, वीज गेलेली. लेक रडायला लागली, बाहेर काढूया म्हणून. काढलं नाही. पाणी आणि ताटली कणगीपासून थोडी दूर ठेवली, मी तिथेच अंथरूण टाकलं. पहाटे कधीतरी स्वतःच खोलीत गेली. दुपारी नेहमीसारखी डवलीशी हजर. लपलेल्या जागेतून ओढून काढलं असतं, तर ती जागा आणि आम्ही दोन्ही गमावलं असतं.

बाहेर अंगणात अजून सोडत नाही. पावसात फुरसी निघतात, बोका आहे, आणि रात्री बिबट्या वाडीपर्यंत येतो.

2 सप्टेंबर

शनिवारी, 7 तारखेला गणपती. मुंबईहून दिरांची कुटुंबं येणार, घरात पंधरा-वीस माणसं, रोज आरत्या, झांजा, फटाके. तयारी :

रोज तिच्या जेवणाच्या वेळी लेक खळ्यात (अंगणात) उभी राहून झांज वाजवते, फडक्यात गुंडाळून. कुर्लीने खाणं थांबवलं तर लेक आणखी लांब जाते. नाही थांबवलं तर दुसऱ्या दिवशी ओटीपर्यंत. आधी मोबाइलवर आरती लावून बघितली होती, तिला ती ढिम्म कळली नाही. खऱ्या झांजेला मात्र कान लगेच वळतात. त्यामुळे मोबाइलचा उपयोग शून्य.

माटवीला (गणपतीच्या वर बांधायच्या लाकडी चौकटीला) यंदा कवंडळं (रानफळं) लावू नका अशी विनंती केली, ती विषारी असतात आणि खाली पडली की ही लाथाडत फिरेल. सासऱ्यांनी नुसते नारळ, सुपारीचं शिपटं (घोस) आणि आंब्याचे टाळे (डहाळ्या) घ्यायचं मान्य केलं.

8 सप्टेंबर

काल सकाळपासून बाळंतिणीची खोली बंद, आत मी किंवा लेक आलटून पालटून. दारावर कागद : आत मांजर आहे, उघडू नये. पहिल्या आरतीला ती खोक्यात गेली, पण बसून राहिली. डोळे मोठे, कान मागे, श्वास जलद. फटाक्यांना मात्र टोपलीखाली जाऊन थरथरली. त्याची तयारी घरात करता येत नाही. मी खिडकीखाली माझ्या जागेवर शिवत बसले. आवाज थांबल्यावर थोड्या वेळाने आली आणि माझ्या पायावर पाठ टेकवून बसली. आजवर ती जेवणासाठी किंवा खेळण्यासाठी यायची. घाबरल्यावर माझ्याकडे येणं हे पहिल्यांदाच झालं.

15 सप्टेंबर

गौरी-गणपती गेले, चाकरमानी परतले. वजन 1 किलो 650. दिनक्रम पूर्ववत. परक्या माणसांना अजून लपते, त्याला आमची हरकत नाही.

जमलं आहे : गाल, मान, पाठ. फणी. हाक मारल्यावर येणं. दुपारी सासूबाईंच्या सुपाशेजारी झोपणं, हे रोजचंच.

जमलेलं नाही : उचलणं. चारही पाय जमिनीवरून सुटले की ताणून अंग सोडवते. आता बसलेल्या अवस्थेत छातीखाली हात ठेवायचा, उचलायचं नाही, खाऊ द्यायचा, हात काढायचा, एवढंच चालू आहे. पोटाला हात लावत नाही आणि लावायला सांगणारही नाही.

आतापर्यंतचा खर्च : दवाखाना, औषधं, लसी मिळून साधारण 2300. रिक्षा 2200, म्हणजे उपचाराइतकाच प्रवास. खाद्य महिन्याला 800 च्या आसपास. टब, फणी, किरकोळ 350. डवली, हीर, भुसा, झापं घरचंच.

पुढचं काम नसबंदीचं. सहा महिन्यांच्या आत करायची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते, म्हणून तोवर बाहेर नाहीच. कुडाळला विचारून ठेवलं आहे. त्याआधी नखं. नवरा न्हाणीघरात कात्री चालवेल, पण पंजा दाबून नख बाहेर काढण्याची सवय मी खोलीत लावतेय. आज पुढच्या उजव्या पंजाचं एक बोट दाबू दिलं, पंजा ओढून घेतला, आणि जवळा खाल्ला.